नकाशातलं पांढरं

बाबांचा फोन रविवारी यायचा. सकाळचा चहा झाला की यायचा, आणि दोघंही एकमेकांना बरं आहे असं सांगून मोकळी व्हायची. म्हणून आठवड्याच्या मधल्याच दिवशी, भर दुपारी, कचेरीत टेबलावर पालथा ठेवलेला फोन थरथरत कडेपर्यंत सरकला आणि तिने तो उलटा करून नाव वाचलं, तेव्हा तिने तो लगेच कानाला लावला. आई गेली तेव्हाचा फोनही असाच अवेळी आला होता.

“टिंबू, कामात आहेस का गं?”

“नाही, बोला ना. काय झालं?”

“काही झालं नाही. उलट आज बरंय. अंगणात खुर्ची टाकून बसलोय. चार दिवस दारंखिडक्या लावून खुराड्यातल्या कोंबडीसारखा बसलो होतो. आज तुझा नकाशा बघितला, तर आमच्याकडे पांढरं. म्हटलं, सुटलो एकदाचे. सगळं घर उघडलंय. तुला सांगावंसं वाटलं, एवढंच.”

नकाशा तसा तिचा एकटीचा नव्हता. सातव्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत आणखी सात-आठ माणसं होती, पण ती बाबांना ठाऊक नव्हती आणि तिनेही कधी त्यांच्याबद्दल सांगितलं नव्हतं. रानं पेटायचे दिवस आले की रोज सकाळी उपग्रह डोक्यावरून जायचा. खाली धूर असला की जमिनीवरून परतणारा उजेड गढूळ होतो. तो किती गढूळ झाला यावरून धुराचा थर किती जाड ते काढायचं, मग वारा कसा आहे, हवा दमट आहे की कोरडी, हे सगळं जमेला धरून त्यातला किती धूर माणसाच्या नाकातोंडापर्यंत उतरला असेल याचा अंदाज बांधायचा, आणि तो रंगांत मांडून लोकांपुढे ठेवायचा. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल आणि सगळ्यात वाईट तिथं काळपट जांभळा. तो बघून शाळा मैदानं बंद ठेवायच्या, म्हातारी माणसं फिरायला जायचं की नाही ते ठरवायची. ती स्वतः मात्र त्या धुराच्या वाऱ्यालाही कधी उभी राहिली नव्हती. खोलीच्या खिडक्या उघडतच नसत. आत यंत्रातून येणारी थंड, कसलाच वास नसलेली हवा, आणि पडद्यावर डोंगरच्या डोंगर पेटलेले. सुरुवातीच्या दिवसांत तिला ते बघवायचं नाही. मग बघवायला लागलं. डॉक्टरला रक्ताचं काही वाटेनासं होतं म्हणतात, तसंच असेल, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

पण पांढरा हा त्या रंगांतला रंगच नव्हता. पांढरं म्हणजे ढग. ढग असले की उपग्रहाला खालचं दिसत नाही, आकडा निघत नाही, आणि तेवढी जागा तशीच सोडून द्यावी लागते. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि तरीही तासाभरापूर्वी आजचा नकाशा लोकांपुढे ठेवण्याआधी तिची नजर सवयीने बाबांच्या खोऱ्यावरून फिरली होती, तिथे चार दिवसांच्या जांभळ्यानंतर पांढरं दिसलं होतं, आणि तिला हायसं वाटलं होतं. चक्क हायसं. ती उठून चहाला गेली होती. हे तिला आत्ता, फोन कानाला लावलेला असताना आठवलं आणि चहाची चव तोंडात कडू होऊन परत आली.

“बाबा, ढग आहेत का तिकडे?”

“ढग? या दिवसांत कुठले ढग. सूर्य दिसतोय की. तांबडाबुंद झालाय, डोळे उघडे ठेवून बघता येतं त्याच्याकडे. शाळेतल्या पोराने चित्रात असा काढला असता ना, तर म्हटलं असतं, खोटं काढू नकोस.”

बोलता बोलता तिने रंग बाजूला सारून उपग्रहाचा मूळ फोटो पडद्यावर आणला. ढगाचा कुठे मागमूस नव्हता. खोऱ्यावर मात्र घट्ट, दाट, सायीसारखं पांढरं बसलं होतं, आणि त्याची शेपटी डोंगराच्या कडेला करड्या-तपकिरी रंगात ओढली गेली होती. धूर इतका दाट झाला होता की मोजणाऱ्या प्रोग्रामला तो धूर वाटलाच नाही. त्याने ढग समजून तेवढा भाग कापून टाकला होता.

“बाबा, उठा. आत जा. खिडक्या लावून घ्या सगळ्या.”

“अगं पण पांढरं—”

“पांढरं म्हणजे चांगलं नाही.”

“मग काय?”

“नंतर सांगते. आधी आत जा.”

“जातो. चहा एवढा संपवतो.” मग ते खोकले. कोरडं, बारीक, बंद दारावर कुणी बोटाच्या पेराने टकटक करावी तसं. ती थांबली, पण खोकला थांबेना.

“तुम्हाला वास येत नाही का बाबा?”

“येतो ना. सकाळपासून येतोय. डोळेही चुरचुरतात. पण म्हटलं, तू वरून बघतेस. तुला जास्त कळत असणार.”

फोन कट झाला. त्यांनी ठेवला की आपोआप बंद पडला हे कळलं नाही. तिने परत लावला, तो वाजत राहिला. परत लावला. समोर पडद्यावर ते पांढरं तसंच होतं, आणि त्याच्यावर बोट ठेवलं तर बाबांचं घर, शाळा, शाळेमागचा उतार, सगळं बोटाच्या टोकाखाली झाकलं जात होतं. बाबा चित्रकलेचे मास्तर होते. तिच्या लहानपणी ते रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर कागद ओला करून ताणून बसवायचे, आणि ती शेजारी बसून त्यांच्या चांगल्या कागदांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने टिंबं काढायची, म्हणून ती टिंबू. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत हा नकाशा नवा निघायचा होता, तेव्हा रंग कुठले घ्यावेत यावर खोलीत फार काथ्याकूट चालला होता, आणि एका रविवारी तिने सहज बाबांना विचारलं होतं. त्या वेळी ते दोघं जेवढं बोलले तेवढं त्याआधी आणि त्यानंतर कधीच बोलले नसतील. हिरवा जरा मळका घे, फार गोड हिरवा खोटा वाटतो. लालाच्या पुढे काळा नको, माणसं घाबरतील, जांभळ्यात काळा मिसळ. मग त्यांनी विचारलं होतं, आणि ढग असतील तिथे? तिथे काही नाही बाबा, ती म्हणाली होती, तिथे कागद तसाच सोडायचा. ते खूश झाले होते. छान, म्हणाले होते, डोळ्याला तेवढीच विश्रांती. तिथे काही नाही. तिला म्हणायचं होतं, तिथली माहिती नाही. त्यांनी ऐकलं होतं, तिथे धूर नाही. इतकी वर्षं बाप-लेकीत हे एक वाक्य असं दोन्ही बाजूंनी वेगवेगळं पडून होतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

रुग्णवाहिकेचा नंबर तिने लावला. पलीकडच्या थकलेल्या आवाजाने पत्ता लिहून घेतला आणि सांगितलं की गाड्या सगळ्या वरच्या वस्त्यांतली माणसं हलवायला गेल्यात, मोकळी झाली की पाठवू, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवा. शेजाऱ्यांना. तिने फोनमधली नावं वरून खाली सरकवली. गॅसवाला, बँक, दाताचा डॉक्टर, कचेरीतली माणसं, इमारतीचा वॉचमन, कधीकाळी एका परिषदेत भेटलेली आणि परत कधीच न बोललेली माणसं. त्या खोऱ्यातलं एकच नाव होतं, बाबा. ते खोरं ती रोज बघत होती. कुठल्या ओढ्याच्या काठाने धूर आधी उतरतो, कुठल्या खिंडीतून वारा शिरतो, हे तिला तोंडपाठ होतं. आणि बाबांच्या शेजारी कोण राहतं हे तिला माहीत नव्हतं. आईच्या वेळी कुणीतरी बाई होत्या, जाड चष्म्याच्या, त्यांनी तिला जवळ घेतलं होतं आणि तिने अंग आखडून घेतलं होतं. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

मग तिने गावाच्या नावाने इंटरनेटवर जे सापडेल ते नंबर लावायला सुरुवात केली. टायरचं दुकान, कुणी उचललं नाही. लॉज, कुणी उचललं नाही. तिसरं एक सलून होतं.

“सलून बंद आहे,” पलीकडून एक माणूस म्हणाला. “धूर बघताय ना. दोन दिवसांनी करा फोन.”

“केस नाही कापायचे हो. शाळेमागच्या उतारावर चित्रकलेचे मास्तर राहतात, त्यांना—”

“मास्तर? मला शिकवलंय त्यांनी. माझी रेघ सरळ येत नाही म्हणून तासभर उभं केलं होतं. आता लोकांच्या मिशा सरळ करतो. काय झालं त्यांना?”

“ते अंगणात बसलेत. फोन उचलत नाहीत. कुणीतरी जाऊन बघायला हवं.”

“आणि तुम्ही कोण?”

“मुलगी.”

“असं होय. आम्हाला वाटायचं, मास्तरांची मुलगी परदेशात असते.”

“नाही,” ती म्हणाली. “चार तासांवर.”

“निघतो मी,” तो म्हणाला, आणि किल्ल्यांचा आवाज आला.

ती उठून प्रमुखांच्या केबिनमध्ये गेली. प्रमुख वयाने तिच्याहून लहान, मनाने सरळ, पण सदा कुणीतरी वरून ओरडेल या धाकात असलेले. तिने खोऱ्याचा फोटो पुढे धरला आणि काय झालंय ते सांगितलं.

“हे होतं कधीकधी मॅडम, आपल्याला माहीतच आहे,” ते म्हणाले. “म्हणून तर खाली टीप दिलीय. पांढरा भाग, माहिती उपलब्ध नाही.”

“ती कुणी वाचत नाही.”

“लोकांनी वाचायला पाहिजे.”

“माझे वडील वाचत नाहीत.”

प्रमुखांनी चष्मा काढला. इतकी वर्षं एका कचेरीत काढूनही तिला वडील असतील हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नसावा. तिलाही त्यात नवल वाटलं नाही. “तिकडे असतात? कधी बोलला नाहीत.”

“विषय निघाला नाही.”

“आत्ता कसे आहेत?”

“माहीत नाही. माणूस गेलाय बघायला.” आवाज नेहमीसारखाच येतोय हे तिचं तिलाच ऐकू आलं आणि तिची तिलाच भीती वाटली. “दुसऱ्या उपग्रहाचं यंत्र वेगळ्या उजेडात बघतं. ढग आणि काजळी त्याला वेगळी ओळखू येतात. ते वापरून मी हा भाग हाताने भरते. जिथे तेही जमणार नाही तिथे करड्या रेघा मारू, आणि त्या रेघांवरच मोठ्या अक्षरात लिहू, इथलं आम्हाला दिसलेलं नाही.”

“आम्हाला दिसलेलं नाही?” त्यांनी ते शब्द सावकाश उच्चारून बघितले. “वरचे म्हणतील, मग तुम्ही पगार कशाचा घेता.” तरी त्यांनी फोन जवळ ओढला. “करा. मी बोलतो त्यांच्याशी.”

ती टेबलावर येऊन बसली आणि कामाला लागली. मन कुठे होतं कुणास ठाऊक, हात मात्र निमूट चालत राहिले. काजळीचा ठसा ओळखायचा, कापलेला तुकडा परत जोडायचा, आकडा बघायचा, रंग भरायचा. एकेक चौकोन जांभळा होत गेला. शाळेचा, मग उताराचा. बाबांच्या घराच्या चौकोनात रंग भरताना तिला उगाच वाटलं की आपण भरतोय म्हणून तिथे धूर होतोय, न भरला तर होणार नाही. लहानपणी ताप आला की ती डोळे मिटून थर्मामीटर बघायचं टाळायची, तसंच काहीसं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी डबा उघडला, कुणीतरी हसलं. आईच्या शेवटच्या महिन्यातही बाबा फोनवर बरं आहे म्हणत आणि ती बरं म्हणून ठेवून देई. आवाज बारीक झालाय हे ऐकू येत नव्हतं असं नाही. पण बरं आहे म्हटल्यावर पुढे विचारायचं म्हणजे त्यांना खोटं पाडायचं, आणि तिच्या घरात कुणी कुणाला खोटं पाडत नसे. सगळे एकमेकांना इतकं सांभाळून होते की शेवटी आई कशाने गेली हेसुद्धा तिला सगळं होऊन गेल्यावर, शांतपणे, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं गेलं.

नकाशा बदलून लोकांपुढे गेला आणि थोड्याच वेळात सलूनवाल्याचा फोन आला. मागे गाडीचा आवाज होता.

“सापडले. खुर्चीतून खाली घसरले होते. ओठ निळे पडलेत, पण शुद्धीवर आहेत. मला ओळखलं. म्हणाले, तुझी रेघ अजून वाकडीच असेल. गाडीत घातलंय, खालच्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलला नेतोय. तुम्ही या.”

“येते,” ती म्हणाली, आणि त्याचे आभार मानायचे राहून गेले.

पण येणं तिच्या हातात नव्हतं. डोंगराच्या दोन्ही बाजूंनी रस्ता बंद होता. आगीने झाडं आडवी पडली होती आणि पोलीस कुणाला सोडत नव्हते. संध्याकाळी घरी येऊन तिने बॅग भरली आणि दारात ठेवली, मग त्या बॅगेला वळसा घालून स्वयंपाकघरात, वळसा घालून बाथरूममध्ये, अशी वावरत राहिली. हॉस्पिटलच्या नंबरावर एक मुलगी बोलायची, प्रकृती स्थिर आहे म्हणायची. स्थिर म्हणजे काय, हे तिने पहिल्या दिवशी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं. ती मुलगी गोंधळली, मग थोडं खासगीत बोलल्यासारखी म्हणाली, म्हणजे कालच्यासारखीच, वाईट आहे पण कालच्यापेक्षा नाही. त्या उत्तराने तिला रडूच आलं. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून ती बराच वेळ रडली. इतकं साधं कुणी तिला कधी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी सकाळी वारा फिरला. बाल्कनीचं दार उघडलं तर समोरच्या इमारतीच्या कडा पुसट झालेल्या, आणि वास. जळक्या लाकडाचा असेल असं तिला वाटलं होतं, पण तो तसा नव्हता. त्यात काहीतरी रबरासारखं होतं, काहीतरी आंबूस, कुणाच्या तरी घरातल्या गाद्या, रंग, वायरी असं सगळं. घशात तो खरखरीत होऊन बसला. आत जायला हवं हे तिला कळत होतं. तरी ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि तिने एक श्वास घेतला, मग आणखी एक. खाली रस्त्यावर एक माणूस नाकाला रुमाल लावून दूध घेऊन चालला होता. त्याने वर बघितलं असतं तर त्याला कुणीतरी वेडी बाई दिसली असती.

तिसऱ्या दिवशी रस्त्याची एक बाजू उघडली. ती बसने निघाली. काळ्या खांबांसारखी झाडं दोन्ही बाजूंनी मागे पळत होती आणि मध्येच एखादं जसंच्या तसं हिरवं.

बाबा आठ खाटांच्या लांब खोलीत खिडकीशी होते. तोंडावर मास्क, हाताला सुई. इतके लहान झाले होते की आधी ती दुसऱ्याच खाटेकडे वळली. त्यांनी हात हलवला तेव्हा कळलं. तिने स्टूल ओढलं. मग त्यांनी मास्क थोडा बाजूला केला.

“तर पांढरं म्हणजे काय?”

“पांढरं म्हणजे आम्हाला दिसलं नव्हतं.”

त्यांनी विचार केला. “मग तसं लिहायचं की गं.”

“लिहिलंय आता.”

“बरं केलंस.” मग बऱ्याच वेळाने, “मीही म्हातारा झालो. नाक माझं होतं. तुला कशाला विचारायचं.”

“विचारा,” ती म्हणाली. “पण सांगतही जा. वास येतोय तर वास येतोय म्हणून सांगा. बरं आहे सांगू नका.”

“बरं नाहीये,” बाबा म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की ते शब्द किती दिवस तोंडात धरून ठेवले होते कुणास ठाऊक. “श्वास घेतला की इथे टोचतं. आणि घरी मी एकटा फार असतो.” आणि त्यांनी मास्क परत लावून घेतला. आता काही विचारू नकोस, असं त्यात होतं. तिने विचारलं नाही. त्यांच्या सुई नसलेल्या हातावर हात ठेवला. तो हात कोरडा आणि हलका होता. थोड्या वेळाने ते झोपले.

डॉक्टर बाईंनी बाहेर सांगितलं की धोका टळलाय, फुप्फुसं मात्र पहिल्यासारखी व्हायची नाहीत. घरी ऑक्सिजनचं यंत्र लागेल, कुणीतरी जवळ लागेल, आणि बाहेरची हवा निवळल्याशिवाय सोडता येणार नाही. बोलता बोलता त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? तिने सांगितलं. शेजारून जाणारी नर्स थांबली. “तो धुराचा नकाशा? तुम्ही करता?” पॅसेजमधल्या बाकांवर बसलेली माणसं वळून बघायला लागली. प्रत्येकाचं कुणी ना कुणी आत होतं. डोक्याला मफलर गुंडाळलेला एक माणूस उठून जवळ आला. “बाई, परवापर्यंत निवळेल का हो? आईला सोडायचं म्हणतात.” पलीकडच्या कुणीतरी विचारलं, उद्या पहाटे कशी असेल. नर्सनेही हातातला ट्रे तसाच धरून तिच्याकडे बघितलं.

तिच्या डोक्यात वारा होता, दमटपणा होता, आगीच्या कडा होत्या. काहीतरी सांगता आलं असतं, ऐकायला बरं वाटेल असं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “वारा फिरला तर निवळेल. फिरेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही.”

मफलरवाल्या माणसाने मान हलवली, असंच काहीतरी असणार हे ठाऊक असल्यासारखी, आणि तो जागेवर जाऊन बसला. नर्स ट्रे घेऊन आत गेली. भिंतीशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि रिकाम्या जागेवर हाताने थोपटलं.

“बसा. उभ्या किती वेळ राहणार. कोण आहे आत?”

“वडील.”

“माझे हे आहेत. तिसऱ्या खाटेवर.” बाकाची प्लास्टिकची पाठ बाईंच्या श्वासाबरोबर किंचित हलत होती. मग त्या गुडघ्यांवर हात रोवून उठल्या. “कालपासून इथून हलले नाही. तोंड धुऊन येते. तोवर आतून हाक मारली कुणी, तर सांगाल का, तिसऱ्या खाटेचं माणूस आहे म्हणून?”

“जा तुम्ही,” ती म्हणाली. “सावकाश या. मी आहे इथेच.”